चौकशीच्या खिडकीतला हात

बसस्थानकात सगळे त्यांना चौकशीकाका म्हणायचे. एकोणीस वर्षं ते एकाच खिडकीत बसले. समोर जाड काच, काचेला खाली अर्धगोल भोक आणि भोकापुढे लोखंडी कडेची फळी. लोक काय वाट्टेल ते विचारत. गाडी कुठे लागते इथपासून ते "ही चुकली तर पुन्हा हीच कधी येईल?" इथपर्यंत. काकांचं उत्तर ठरलेलं होतं, तेही मान वर न करता. "आली की कळेल."

त्या दिवशी सव्वादोनची गाडी तीन वाजले तरी आली नव्हती. ती वाटेत बंद पडली होती. बदली गाडीचं काही ठरलेलं नाही, असा फोन काकांना येऊन गेला होता. पण ठरलं की सांगू, उगाच आधी कशाला गोंधळ, म्हणून ते गप्प बसले.

एक गवंडी चौथ्यांदा खिडकीपाशी आला. हातावर सिमेंट वाळलेलं, अंगावर कामाचेच कपडे. "साहेब, बहीण दवाखान्यात आहे. फोनावर फोन येतायत. गाडी नसेल तर नाही म्हणा, मी दुसरं काहीतरी बघतो." काकांनी वर पाहिलं नाही. बहिणीचा फोटो दिसावा म्हणून त्याने आपला फोन भोकातून आत सरकवला. काकांनी तो तसाच बाहेर ढकलला. "आली की कळेल."

फोन ढकलताना हात मनगटापर्यंत बाहेर गेला होता. गवंड्याने तो धरला आणि ओढला. काकांची छाती काचेवर आदळली, चष्मा फुटला, हात खांद्यापर्यंत बाहेर गेला. गवंड्याने भिंतीला पाय लावून आणखी ओढला. मग दोन्ही हातांनी, वाळकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा, तो फळीच्या कडेवर दाबला. काकांना आधी आवाज ऐकू आला. कळ नंतर आली. मनगट आणि कोपर यांच्यामधली दोन्ही हाडं गेली होती.

तोवर जी गर्दी काकांच्या नावाने बोटं मोडत होती, तीच आता गवंड्यावर तुटून पडली. कुणी बुटाने मारलं, कुणी पिशवीने. एका आजोबांनी तर काठीने. काकांचा गाल काचेला चिकटलेला, हात अजून बाहेर लोंबत असलेला, त्यामुळे त्यांना सगळं बघावं लागलं. गवंडी खाली पडला, दात पडले, तरी रक्ताने भरलेल्या तोंडाने विचारत होता, "गाडी आहे की नाही?"

हातात धातूच्या दोन पट्ट्या आणि तेरा स्क्रू बसले. पाच महिने काका घरी होते. हाड जुळत आलं, पण मागून कुणी आलं की अंगात वीज शिरायची. एकदा मुलगी पाठीमागून खांद्यावर टॉवेल टाकायला आली. काकांनी वळून न बघताच कोपर हाणलं. ती दाराच्या चौकटीवर आपटली, ओठ फाटला. "बाबा, मीच आहे," एवढंच म्हणाली. रात्रीचं जेवण कुणालाच गेलं नाही. काकू म्हणाल्या, "हात सुधारतोय, माणूस बिघडतोय."

मग कार्यालयाचं पत्र आलं. बसून करायचं काम जमेल का, याची दोन दिवस चाचणी होणार होती. काकांनी मनाशी ठरवलं, नापास व्हायचं. हातच चालत नाही म्हटल्यावर खिडकी कोण देणार? हे त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर एका मोठ्या खोलीत चाचणी होती. बिनहातांची खुर्ची, टेबल, छिद्रांची पाटी आणि खुंट्या, नट-बोल्टांनी भरलेला पत्र्याचा डबा, भिंतीला वेगवेगळ्या उंचीच्या फळ्या. चाचणी घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या. गळ्यात घड्याळ. "खुंट्या एकेक उचलून बसवा. घाई नको, आळसही नको."

काकांनी आळस केला. खुंट्या मुद्दाम पाडल्या. बोल्ट फिरवताना कण्हले. वरच्या फळीवर डबा ठेवायला सांगितला तेव्हा हात खांद्यापाशीच थांबवला. बाई लिहीत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुठीचा जोर मोजायचं यंत्र पाच वेळा दाबायला लावलं आणि वही बंद केली.

"पाच वेळा दाबलंत, पाच वेगळे आकडे आले. खरं दुखणं अशा उड्या मारत नाही. तुम्ही जोर लावत नाही आहात."

"म्हणजे मी खोटारडा?"

"मी हाताबद्दल बोलतेय. इथे ठेवा बघू कोपर." असं म्हणत बाईंनी त्यांचं मनगट धरून टेबलावर ओढलं.

पुढचं काकांना तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. हात हिसकला गेला. त्याच हाताने डबा उचलला गेला, डोक्याच्या वर गेला आणि सुटला. बाईंच्या भुवईवर लागून तो भिंतीवर आदळला. नट-बोल्ट खोलीभर उधळले. काका टेबल उलथत होते तेवढ्यात शिपाई धावला. त्याने त्यांना जमिनीवर पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवला आणि तोच हात पिरगाळला. काका गुरासारखे ओरडले.

"आधी हात सोड त्यांचा," बाई म्हणाल्या. भुवईचं रक्त डोळ्यात ओघळत होतं. "हाड जुळलंय, पुन्हा मोडशील." मग पदर भुवईवर दाबून त्या भिंतीला टेकल्या. "डोक्याच्या वर गेला हात. काल खांद्यापुढे जात नव्हता."

बाईंना चार टाके पडले. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली आणि नंतरही ती मागे घेतली नाही. काका संध्याकाळपर्यंत पोलिस ठाण्यात बसून होते. काकू न्यायला आल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "तो गवंडी आणि तुम्ही, आता फरक काय राहिला?"

"त्याने चार वेळा विचारलं होतं," काका म्हणाले. "मला माहीत होतं गाडी नाही ते." आणि मग फोनचं, फोटोचं, सगळं सांगितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

आठ दिवसांनी ते माफी मागायला गेले. बाईंच्या भुवईवर अजून पट्टी होती, आणि दाराशी तोच शिपाई. "माफीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधीचे आकडे रद्दीत गेलेत. बसा. आणि ह्या वेळी मनगट मी धरणार नाही, तुम्हीच ठेवायचं."

काकांनी जीव लावून चाचणी दिली. खुंट्या भराभर बसल्या, अक्षर नीट आलं. मग बाई म्हणाल्या, "तळहात वर करा, पाणी घ्यायला करतो तसा." हात निम्म्यात अडला. बाईंनी पाच वेळा करायला लावून दर वेळी हात किती वळतो ते मोजलं. काकांनी दात-ओठ खाल्ले, कपाळावर घाम आला, तरी हात पुढे वळेना. इतके दिवस हेही आपलंच सोंग आहे असं ते धरून चालले होते.

"हे मी मुद्दाम करत नाही."

"माहीत आहे. पाचही वेळा आकडा तोच आलाय." बाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "हे एवढं राहणार आता. बाकीचं काम होईल."

गवंड्याच्या खटल्यात काकांची साक्ष झाली. तुम्ही त्याला काय उत्तर दिलं होतं, असं वकिलाने विचारलं. काकांनी ते तीन शब्द जसेच्या तसे सांगितले. मारहाणीची शिक्षा गवंड्याला झाली, पण हलकी. समोरच्या दातांविना तो काकांकडे बघत होता. बहिणीचं काय झालं ते विचारायचा काकांना धीर झाला नाही.

अहवालात बाईंनी लिहिलं होतं: बसून काम करू शकतात, मध्ये विश्रांती हवी, लोकांच्या हाताला लागेल अशा जागी बसवू नये. आता काका आतल्या खोलीत वेळापत्रकं करतात. गाडीला उशीर झाला की माईकवर स्वतः सांगतात: कुठे अडकली, किती वेळ लागेल, दुसरी कुठली मिळेल. लोक तरीही शिव्या देतात. अर्ध्या तासाने काका पेन ठेवतात, हात चोळतात, आणि पुन्हा लिहायला लागतात.