अंधारखोलीतले पोटाचे फोटो

आता पोट दुखलं की सीटी स्कॅन! आमच्या काळी अमरावतीच्या इस्पितळात आतड्याची सूज शोधायची तर बेरियमचं पांढरं पाणी पाजायचं आणि ते आतड्यातून सरकेल तसतसे एक्स-रे काढायचे. ते काढायला मी. भर दुपारी काळोख केलेली खोली, वर्षानुवर्षं तिथेच काम. किस्से साठणार नाहीत तर काय!

डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून आमचे डॉक्टरसाहेब आधीपासूनच लाल चष्मा लावून बसत. शेंदूरजनाघाटचा एक संत्रीवाला पडदा सारून आत आला, साहेबांना पाहिलं आणि आल्या पावली बाहेर! बायकोला म्हणतो, "माह्यं पोट बरं झालं, चाल व घरी!"

अकोल्याचा दादाराव माझ्यासारखाच एक्स-रेवाला, पण भलता घाईचा. फिल्मची एकच कॅसेट, आतली फिल्म न बदलता, त्याने दोन पेशंटना वापरली. फोटोत एका पोटामागे दोन कणे! पेशंट म्हणे, "तरीच मले दोघाइची भूक लागते!" हे ऐकल्यापासून मी वापरलेल्या कॅसेटवर खडूने फुली मारायला लागलो.

पण कौसल्येचं ऐका. वरूडकडची सून. जेवली की पोट धरून लोळायची. सासू म्हणे, बाहेरची बाधा. नवऱ्याने आमच्यासमोरच बजावलं, "फोटोत काही निंघालं नाही, तं हिले घरी नेत नाही मी!"

"माह्यी माय मेली," ती रडायला लागली. "कुठी जाऊ मी?"

असा राग आला मला त्या माणसाचा!

बेरियम पाजलं. एकामागून एक फोटो साफ निघाले. शेवटचा एकच राहिला. कॅसेट मीच भरलेली, फुली नाही. तेवढ्यात टेबलावरून कौसल्या म्हणाली, "बाई, पोटावरचा हात काढा ना. लय थंडा हाये."

नर्सबाई दाराशी उभ्या होत्या. "अवं, मी तं इथं हाय!"

फिल्म धुतली. आतड्याचा एक तुकडा सुजून दोऱ्याएवढा अरुंद झालेला. आजार सापडला! आणि नेमका त्याच जागेवर हाताचा सापळा. बोटं चार.

"कोणाचा हात आला रे हा? कॅसेट वापरलेली होती?" साहेबांनी विचारलं.

"नव्हती, साहेब."

नवरा औषधाची चिठ्ठी घेऊन मान खाली घालून उभा होता. कौसल्येने फिल्म उजेडात धरली आणि त्या हातावरून बोट फिरवलं.

"कडबा कापतानी मायचं एक बोट गेलं होतं," ती म्हणाली. "माह्यं पोट दुखलं का माय अस्साच हात ठेवे."