तीन बोटं

"तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घाला बघू."

आमच्या सरांचं कोणाशीही बोलणं इथूनच सुरू व्हायचं. आधी स्वतः करून दाखवायचे, मग समोरच्याला लावायचे. ते कॅन्सरचे सर्जन आणि मी घाटकोपरच्या त्यांच्या ओपीडीतली सिस्टर. तिसरं बोट जाईना, म्हणजे तोंड आखडायला लागलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना तिथेच दिसायचं.

तुम्ही त्यांच्या शेजारी बसला असतात तर तुम्हीही सुटला नसतात. एकदा सिग्नलला त्यांनी रिक्षावाल्यालाच बोटं घालायला लावली. दोनच गेली.

"नुसती सुपारी खातो साहेब, तंबाखूला हात नाय लावत."

"सगळे हेच सांगतात. उद्या ये."

तो वर्षाने आला. तेव्हा एकच बोट जात होतं.

संशोधनासाठी ते दरवर्षी माहुलच्या त्याच गल्ल्यांत फिरून त्याच माणसांची तोंडं मोजायचे. बरोबर त्यांच्या हाताखाली सर्जरी शिकणारे विद्यार्थी आणि मी. "तीन बोटंवाला आला रे," म्हणत लोक दारं लावून घ्यायचे. काही दारांना पुढच्या वर्षी कुलूपच असायचं. तिथे सर जरा थांबायचे. मला तेव्हा त्यांची भीतीच वाटायची.

मग त्यांनी स्वतः करून दाखवणं सोडलं. "सिस्टर, तुम्ही दाखवा," म्हणू लागले. दिवाळीत मी नेलेली चकली त्यांनी चहात बुडवून मऊ केली. मी हसले, आणि लगेच त्यांच्या तोंडाकडे बघितलं. कोकणातल्या घरच्या बागेतली सुपारी ते लहानपणापासून खात. सर्जन झाले तरी जेवणानंतरचं ते एक खांड काही सुटलं नव्हतं.

"सर, दाखवून घ्या ना कोणाला तरी."

"बघू."

पेशंट 'बघू' म्हणाला की हाच माणूस केवढा चिडायचा.

एका शनिवारी वर्गात दाखवायला पेशंट नव्हता. सर पुढे उभे राहिले आणि स्वतःची बोटं तोंडाशी नेली. दुसरं बोट दातांतच अडलं. पोरांना ती नक्कल वाटली, ती हसली.

"हसू नका. काय निदान ते सांगा."

शेवटी त्यांची लाडकी विद्यार्थिनी टॉर्च घेऊन पुढे झाली. तिने गालाच्या आत पाहिलं आणि बराच वेळ टॉर्च खाली घेतला नाही.

"उशीर केलात, सर."

"बरोबर," सर म्हणाले. "पूर्ण मार्क."

ऑपरेशन तिनेच केलं. पण कॅन्सर तोवर मानेत उतरला होता, आणि सर गेले. मला त्यांचा अजून राग येतो, आणि तितकीच आठवणही येते.

आता ओपीडी ती घेते. सकाळी पहिला पेशंट आत यायच्या आधी आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून तीन बोटं तोंडात घालतो. दोघींची जातात. मग मी दार उघडते.