सिस्सूचा गोठलेला ओढा आणि मी न ऐकलेला आवाज

सिलवासात हिवाळा म्हणजे सकाळी दोन तास स्वेटर आणि दहाच्या पुढे पंखा. मी तिसरीला शिकवते. डिसेंबरात वर्गात "पाणी गोठतं" शिकवलं आणि घरी आल्यावर सात वर्षांच्या मुक्ताने विचारलं, "मम्मी, तू पाहिलंयस?" पाहिलं नव्हतं. नाताळच्या सुट्टीत निघालो: मी, नवरा सुनील, मुक्ता आणि चार वर्षांचा ओजस.

वापीहून रेल्वेने अंबाला, तिथून बसने मनाली. घाटात ओजसला दोनदा उलटी झाली, तेव्हा लहान मुलं असतील तर पुढच्या सीट घ्या. मनालीत एक दिवस नुसता आराम केला. दुसऱ्या सकाळी टॅक्सीने डोंगराखालच्या लांब बोगद्यातून लाहौलमधल्या सिस्सू गावाला. बर्फाचे बूट भाड्याने मिळतात, दोनशे रुपये जोडी. मुलांच्या मापाचे कमीच असतात.

बोगद्याच्या पलीकडे सगळं पांढरं. मुलांनी काचेला नाकं लावली. गावामागचा ओढा गोठलेला होता. वर काचेसारखा थर, त्याखाली बुडबुडे सरकत होते. ओजस काठावर पालथा पडून त्यांना बोटाने हुसकावत होता.

"मधे उभी राहा, फोटो काढते," मी मुक्ताला म्हणाले.

ती चार पावलं गेली आणि थांबली. "मम्मी, खालून आवाज येतोय. कट्कट्."

"काही होत नाही गं. मी आहे ना. एकच फोटो."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक पाऊल टाकलं. थर फुटला. ती कमरेपर्यंत आत गेली. ओरडलीसुद्धा नाही.

सुनील पोटावर सरकत गेला आणि जॅकेट धरून त्याने तिला ओढून काढलं. तिचा एक बूट पाण्यातच राहिला.

शेजारच्या घरातून एक बाई धावत आली. मुक्ताला उचलून आत नेलं, ओले कपडे काढले, घोंगडीत गुंडाळलं. मी तिला शेगडीला चिकटवून बसवायला निघाले, तर ती बाई म्हणाली, "एकदम आग के पास नहीं." मग गोड चहा पाजला. "हमारे बच्चे पहले लाठी मारते हैं, फिर सुनते हैं. बर्फ बोले तो वापस."

"इसने सुना था," मी म्हणाले. "मैंने नहीं माना."

बाई मुक्ताचे पाय तळहातांत धरून बसून राहिली.

मनालीत डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक होतं. पण दोन दिवस मुक्ता फक्त पप्पांशी बोलली. परतीच्या गाडीत मी तिच्याजवळ बसले. "तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी जोरात बोलले होते ना?"

"हो. मला नीट ऐकू आलं होतं."

ओळखीचे विचारतात, मुलांना घेऊन जावं का? जरूर जावं. पण गावातल्या कुणाला विचारल्याशिवाय गोठलेल्या पाण्यावर पाय ठेवू नये, आणि मूल थांबलं की आपणही थांबावं.

परवा रविवारी आमच्या दमणगंगा नदीच्या घाटावर गेलो. ओजस धावत पाण्याशी पोचला. मुक्ता वरच्या पायरीवरच उभी राहिली. मी हात पुढे केला, तिने धरला नाही. "चल" हा शब्द तोंडाशी आला होता. तो गिळून मी तिच्या शेजारी बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.