पेपरात माझे डोळे भरून आले

लोणखेड्यात आमच्या घरामागे पपईची बाग आहे आणि बागेला लागून पोरांचं मैदान. फुटबॉल मी शिकले तो पपयांपायी. चेंडू बागेत यायचा, दोन-चार कच्च्या पपया घेऊन खाली पडायचा, आणि मी काठी घेऊन भांडायला निघायची. भांडून झालं की जरा बघत उभी राहायची. असं बघता बघताच खेळ कळायला लागला. आता आमच्या संघाचा सामना असला की गल्लीतल्या आम्ही बाया बांधावर गोणपाट टाकून बसतो. पंच चुकला तर आमच्या तोंडून जे निघतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वाचायला मात्र मला पेपरनं शिकवलं. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. पुढची सगळी अक्षरं पेपरात भेटली. रोज सकाळी ओट्यावर बसून मी मोठ्यानं वाचते आणि शेजारणी भाजी निवडत ऐकतात. कुणी म्हणालं, ‘हाई खरं शे का व?’ की मी म्हणायची, ‘छापेल शे ना!’ झालं, वाद मिटला.

आमच्या मागच्या खोलीत डोंगरातल्या काठी गावाकडचा एक पोरगा भाड्यानं राहतो. कॉलेजात शिकतो, आणि आमच्या संघाचा गोलकीपर तोच. त्याचे वडील दरवर्षी गुजरातेत ऊसतोडीला जातात. गेल्या हंगामाच्या कमाईतून त्यांनी पोराला खेळायचे बूट घेऊन दिले, निळ्या पट्ट्यांचे. खेळून आला की पोरगा ते पुसून, कागद कोंबून फळीवर ठेवायचा. लेकरू झोपवावं तसं.

होळी जवळ आली की मात्र बूट फळीवरच राहतात. काठीची होळी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. बुध्या होऊन नाचायचं, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरू आणि भोपळे. त्याआधी काही दिवस पालणी पाळायची असते. पायात काही घालायचं नाही, खाटेवर निजायचं नाही, आपल्या हातानं रांधलेलंच खायचं. त्या दिवसांत तो माझ्या हातचा चहासुद्धा घेत नाही. मीही विचारत नाही.

यंदा अंतिम सामना नेमका पालणीत आला, प्रकाशा गावच्या संघाशी. पोरगा अनवाणी उभा राहिला. आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. बांधावर आम्ही एकमेकींचे पदर धरले. त्यांच्या पोरानं चेंडू खाली, कोपऱ्यात मारला. आमचा उजवीकडे पडला, पाय लांबवला, आणि तळपायावर घेऊन चेंडू बाहेर काढला. त्या उघड्या पायावर! आवाज बांधापर्यंत आला. शेजारीण तर उठून नाचलीच.

सामना झाल्यावर पेपरवाला, बातम्या लिहिणारा, घरी आला. परका नव्हे, आमच्याच मागच्या गल्लीतला. त्याच्या आईची नि माझी लग्नाकार्याची जोडी. ओट्यावर बसला, चहा प्याला, शेव खाल्ली. मी त्याला सगळं सांगितलं. पालणी म्हणजे काय, बूट का नाहीत. हाताला धरून खोलीत नेलं आणि फळीवरचे बूटही दाखवले. तो ‘हो आक्का, हो आक्का’ करत होता. मग म्हणाला, पोराच्या पायांचा एक फोटो घेतो. पोरगा लाजत होता. मीच म्हटलं, ‘घेऊ दे रे, आपला माणूस आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त बाया होत्या. मी पेपर उघडला. मोठा फोटो, पण दोन पायांचाच. वर तोंडच नाही. मथळा वाचला: ‘बूट घ्यायलाही पैसे नाहीत!’ पुढे गरिबीचं रडगाणं. पेनल्टीबद्दल एकच ओळ, की प्रतिस्पर्ध्याचा फटका बाहेर गेला.

‘बाहेर गया?’ शेजारणीनं हातातली मेथी टाकली. ‘मायवं, तो काय वारानी गया का? आपला डोयाघाई देखं ना आपन!’

मी वाचत होते, थांबता येईना. खाली लिहिलं होतं, ‘घरमालकीण आजींचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, लेकरू काट्यांतून चालतं, बघवत नाही.’

मग एक म्हातारी हळूच बोलली, ‘तू रडनी व्हती का व?’

‘मी कसाले रडू? मी त्याले शेव वाढी व्हती!’

मागं बघितलं तर पोरगा दारात उभा. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. तो आत गेला.

दुपारी त्याच्या वडिलांचा फोन आला. ऊसतोडीच्या मुक्कामावर कुणीतरी मोबाइलवर ती बातमी त्यांना वाचून दाखवली होती, चार माणसांत. पोरगा फोनवर त्यांच्या बोलीत पुन्हा पुन्हा सांगत होता, बूट नाहीत असं मी म्हटलंच नाही. मग त्यानं फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, ‘दादा, मी असं बोललेच नाही. बूट फळीवर आहेत.’ पलीकडून ते सावकाश म्हणाले, ‘बाई, पेपरात तुमचं बोलणं छापलंय ना?’

छापलंय ना. माझंच वाक्य, माझ्याच अंगावर.

मी पेपरवाल्याच्या घरी गेले. तो जेवत होता. त्याच्या आईनं पाट सरकवला, मी बसले नाही.

‘काय रे, मी कधी रडले?’

‘आक्का, बातमी अशीच लागते. वाईट काय झालं? आता कुणीतरी त्याला बूट देईल बघ.’

‘त्याच्या बापानं दिलेत! तुला दाखवले ना मी?’

‘ते लिहिलं असतं तर बातमी आत कोपऱ्यात गेली असती.’

‘आणि त्यानं अडवलेली पेनल्टी?’

तो हसला. ‘आक्का, तुला लई फुटबॉल कळतं.’

त्याच्या आईनं मान खाली घातली. तेव्हापासून आमचं लग्नाकार्याचं जाणं वेगवेगळं झालं.

होळीला पोरगा घरी निघाला, अनवाणीच. खांद्यावर बूट टांगलेले, नाड्या एकमेकींना बांधून. या खेपेला पुसलेले नव्हते, पालणीआधीच्या सामन्याचा चिखल तसाच वाळलेला. वडीलही होळीला येणार होते. डोंगरातला माणूस कुठंही असो, होळीला परततो. ‘बापाला बुटांचे तळ दाखवतो,’ म्हणाला, ‘किती झिजलेत ते.’

होळीनंतर परत आला तेव्हा कानामागे राख अजून दिसत होती. मी चहा पुढे केला, त्यानं घेतला. बरं वाटलं मला.

‘वडील काय म्हणाले?’

‘बूट हातात घेऊन बघितले खूप वेळ. माझ्यावरचा राग गेला.’ त्यानं एक घोट घेतला. ‘तुमच्याबद्दल म्हणाले, म्हातारी खरं बोलत असेल. पण शहाण्या माणसानं पेपरवाल्याला घरात का घ्यावं?’

‘आणि तुला काय वाटतं?’

‘मला माहीत आहे ना, आजी,’ तो म्हणाला. पण कपाकडे बघून म्हणाला.

ओट्यावरचं वाचन चालू आहे, बाया सोडत नाहीत. परवा कुठल्याशा लांबच्या गावची बातमी होती. कुणी एक म्हातारी पेपरवाल्यासमोर ढसाढसा रडली म्हणे. शेजारीण पदरानं डोळे पुसत म्हणाली, ‘बिचारी व माय.’

मी वाचायचं तिथंच थांबवलं. कोण जाणे, तिनंही चहाच पाजला असेल.