साच्यात अडकलेली कानबाई

१२ ऑगस्ट १९८९, शनिवार. जळगावच्या आमच्या घरी स्वयंपाकघरात मी प्लास्टर कालवत होते. आधीच सांगते — देवाला हात जोडते, पण चमत्कार-बिमत्कार मी कधी मानले नाहीत.

आमच्या खान्देशात कानबाई म्हणजे पिढ्यानपिढ्या जपलेला नारळ. श्रावणात त्याला डोळे, नथ लावून बसवतात. आमच्या कुळात तो एकच, आणि तो आमच्याकडे. धुळ्याची धाकटी जाऊ म्हणे, दरवर्षी एस्टीत कोण चेंगरणार, आम्हाला वेगळी करून द्या. मी नुकताच प्लास्टरचे साचे करायचा क्लास केलेला. लिंबू, पेरू, चिमणी... सगळं झकास निघालं होतं. म्हटलं, त्यात काय!

उद्या कानबाई बसायची, आणि सासूबाईंना न विचारता मी नारळाचा साचा घेतला.

प्लास्टर चिकटू नये म्हणून साबणाचं पाणी लावलं होतं, पण ते शेंडीनेच पिऊन टाकलं. साच्याचे दोन्ही भाग नारळाला घट्ट चिकटले. सुरी घातली, गरम पाणी ओतलं — हलेना. हातोडी मारावी, तर जुना नारळच फुटणार. शेवटी आक्कांना, म्हणजे सासूबाईंना, सांगावं लागलं. त्या दारात रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू निवडत होत्या. उठून आल्या, साच्यावर हात ठेवला.

"तुना क्लासमा हाई शिकाडं नही का?" मग म्हणाल्या, "तिना मनमा व्हई ते ती निंघी." कानबाईच्या मनात असेल तर ती निघेल, एवढं बोलून त्या परत गव्हांपाशी.

मी शेजारून पटाशी घेऊन आले, तर साचा उघडलेला! दोन भाग दोन बाजूंना, मध्ये नारळ. आक्कांच्या बोटांना संधिवात, साधा डबा उघडत नसे. मी विचारलं, आत कोणी गेलं होतं का?

"कोन जाई? मी आठेच शे." इथेच दारात बसून आहे, म्हणाल्या.

साचा उजेडात नेऊन पाहिला. एकेका तंतूची रेघ उमटलेली, पण अडकलेला तंतू एकही नाही. नारळावर पांढरा ठिपकासुद्धा नाही. मी तिथेच फरशीवर बसले... इतकं हायसं मला बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

क्लासच्या बाई नंतर म्हणाल्या, प्लास्टर गार होताना सुटलं असेल. मग तंतू कसे सुटले?

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ धुळ्याहून आली आणि आल्या आल्या तिचा नारळ मागू लागली. साचा उत्तम होता, त्यात दुसरी कानबाई ओतता आली असती, पण मी ओतली नाही. मी कणकेची परात तिच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, "बस, रोट करायचे आहेत. पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच ये."