कॅमेऱ्याची खोड

भर सकाळी, वाहत्या रस्त्यावर, कपडे धुवायच्या साबणाच्या वडीसमोर पोट आत ओढून हसत उभा राहिलेला माणूस आपल्या भागात आजवर एकच झाला असेल, आणि तो मी. बोरगावच्या अलीकडे माझे साडूभाऊ सायकल स्टँडवर लावून रस्त्याच्या पलीकडे उभे होते. उजव्या डोळ्याशी काहीतरी काळं, चौकोनी धरलेलं, डावा डोळा मिटलेला आणि रोख माझ्यावर. मला वाटलं, घेतला बुवा यांनी एकदाचा कॅमेरा! मी मोटारसायकल थांबवली, हेल्मेट काढलं, केस जिथे शिल्लक आहेत तिथे हात फिरवला आणि छाती पुढे काढून श्वास धरला. साडूभाऊंनी जिभेनं ‘टक्’ केलं. मी श्वास सोडून विचारलं, ‘‘कसा आला?’’

‘‘काय कसा आला?’’

‘‘फोटो, भाऊ.’’

‘‘फोटो कसा येईन मास्तर? साबण आहे न हा!’’

मी जवळ जाऊन पाहिलं आणि हबकलो. साबणच होता. विळ्यानं तासून बेताचा केलेला, इलेक्ट्रिकची काळी पट्टी गुंडाळलेला, एका कोपऱ्याला भोक पाडून मनगटात अडकवायला सुतळी ओवलेला. तेवढ्यात मागून दोन बायका गेल्या. त्या साबणाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

माझे साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, राहणार सौंसर. देवानं साऱ्या माणसांत वाटायला म्हणून जो धीर आणला होता, त्यातला निम्मा त्यानं या एकाच माणसाच्या दुपट्ट्यात बांधून दिला आणि उरलेला आम्हां बाकीच्यांत चिमूट चिमूट वाटला, असं माझं ठाम मत आहे. पंचक्रोशीत कोणाला बैल घ्यायचा असला की बाजाराला जाताना साडूभाऊंना सोबत नेतात. ते दात बघतात, खूर बघतात, पाठीवरचे भोवरे बघतात, बैलाला चालवतात, बसवतात, उठवतात. हे सगळे करतात, पण साडूभाऊंचा शेवटचा सवाल ठरलेला असतो: ‘‘खोड सांग.’’ विकणारा म्हणाला, ‘‘मारकुटा नाही, पण पाण्यात पाय घालत नाही,’’ की सौदा पक्का. विकणारा म्हणाला, ‘‘खोड नावाले नाही जी,’’ की साडूभाऊ दुपट्टा झटकून चालू लागतात. बिनखोडीचं जनावर विधात्यानं घडवलेलंच नाही, तेव्हा जो खोड सांगत नाही तो लपवतो, हा त्यांचा सिद्धांत. तो त्यांनी बैलापुरता ठेवला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण चप्पल, पंखा, डॉक्टर, सगळ्यांना ते हेच विचारतात. एकदा पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात त्यांनी डॉक्टरलाच विचारलं होतं, ‘‘तुमची खोड काय, साहेब?’’ डॉक्टर बिचारा तरुण होता, तो रडवेला झाला.

आमच्या सासुरवाडीत अजूनही सांगतात ती गोष्ट याहून भयंकर आहे. साडूभाऊ मुलगी बघायला आले, पोहे झाले, चहा झाला, आणि भरल्या बैठकीत त्यांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं, ‘‘पोरीत खोड काय?’’ सासऱ्यांच्या हातातली बशी कलंडली. मामांनी बाह्या सारल्या. आता पाहुण्यांना पायऱ्यांवरून हात धरून उतरवायचं की ढकलून, एवढंच ठरायचं होतं. तेवढ्यात दाराआडून खुद्द मुलीचा आवाज आला, ‘‘मले राग लवकर येते!’’ साडूभाऊ मांडी बदलून म्हणाले, ‘‘जमलं. अक्षता धरा.’’

त्या रागीट ताई गेल्या वर्षी अंगणात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, घरातल्या घरात फिरता येऊ लागलं, पण बगीच्यात जाणं बंद झालं. तिथे जायच्या वाटेचा शेवटचा टप्पा म्हणजे नाला आणि दगडगोटे. डॉक्टरांनी सांगितलं, एक हिसका बसला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. ही गोष्ट साधी नव्हती. त्या संत्र्याच्या बगीच्याचं कलम न् कलम ताईंनी स्वतःच्या हातानं लावलेलं. रोज सकाळी मोटारसायकलवर साडूभाऊंच्या मागे बसून त्या जायच्या आणि अख्खी वाट त्यांच्याशी भांडायच्या. आता झाडं म्हातारी झाली, बुंध्यांतून डिंक गळू लागला. या बहाराचं फळ तोडलं की सगळी झाडं काढायची असं ठरलं होतं. ताईंनी एकच मागणी केली, ‘‘या वर्षीचा फुलोरा मले दाखवा. मग काढा काय काढायचं ते.’’

साडूभाऊंनी मोटारसायकल पुतण्याला देऊन टाकली आणि सायकल काढली. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘गाडीची मांगची सीट रिकामी दिसली का लोक विचारते, बाई कुठी आहे? सायकलले मांगची सीटच नाही. कोणी विचारत नाही.’’ घरातला एकुलता एक मोठा मोबाइल ताईंच्या उशाशी राहायचा, न जाणो काही लागलं तर. साडूभाऊंकडे बटणांचा. तेव्हा सायकलवर खिशात बसेल असा लहानसा कॅमेरा घ्यायचा ठरला. हे दिवाळीत ठरलं. फुलोरा यायला तेव्हा बराच अवकाश होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. साडूभाऊंना वीस वर्षं ओळखूनही आम्ही निश्चिंत राहिलो, हे आमच्या बुद्धीचं माप.

कारण साडूभाऊंनी आधी खिसा निवडायला घेतला. ‘‘आंधी जू जमलं पाहिजे मास्तर, मंग बैल.’’ म्हणून तो साबण. तो कोणत्या खिशात ठेवला तर मांडीला टोचतो, चढावर छातीवर आपटतो का, खड्ड्यात उसळतो का, चालत्या सायकलवरून उतरून डोळ्याला लावेपर्यंत समोरचा पक्षी उडून जातो का, याचा त्यांनी अभ्यास मांडला. रोज सकाळी साबण घेऊन निघायचे आणि दिसेल त्यावर तो रोखून ‘टक्’ करायचे. कापसाच्या गाड्यांवर टक्, म्हशींवर टक्. जामसांवलीला हनुमानाच्या देवळाबाहेर त्यांनी साबण डोळ्याला लावला तेव्हा एका भल्या माणसानं प्रसादाचा नारळ त्यांच्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, ‘‘कवापासून आहे असं?’’ एकदा पाऊस नसताना दव पडून खिशात फेस झाला. साडूभाऊंनी त्यावरून निष्कर्ष काढला, की कॅमेऱ्याला कव्हर लागेल.

इकडे झाडांना कळ्या धरल्या. ताई रोज वास घेत असल्यासारख्या खिडकीशी बसायच्या आणि कडाडायच्या, ‘‘फूल गळून राहिलं असंन तिकडे, अन् हे साबण घेऊन फिरून राहिले!’’ शेवटी मला राहवलं नाही. मी जिल्ह्याच्या ठिकाणचा मास्तर, खिशात चांगला मोबाइल. एका रविवारी मी परस्पर बगीच्यात गेलो, फुललेल्या झाडांचे धडाधड फोटो काढले आणि थेट ताईंसमोर मोबाइल धरला. ताईंनी चष्मा लावला, एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, चष्मा काढला. म्हणाल्या, ‘‘जवाईबुवा, फोटो लय सुंदर आहे. पण हा आपला बगीचा नाही, धुऱ्यापलीकडचा आहे, शेजाऱ्याचा.’’

मी गार. संत्र्याचं झाड म्हणजे संत्र्याचं झाड, ते कोणाचं हे पानावर लिहिलेलं असतं का? पण त्यांना दिसलं होतं. मोबाइल परत देऊन त्या पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि साडूभाऊंनी ते पाहिलं. संध्याकाळी ते म्हणाले, ‘‘मास्तर, उद्याच्या गाडीनं नागपूर.’’

नागपूरच्या पहिल्या दुकानात टाय लावलेल्या विक्रेत्यानं झूम दाखवला, पडदा दाखवला, साडूभाऊंनी कॅमेरा तळहातावर तोलला, हुंगला, कानाशी हलवला. ‘‘बेस आहे. आता याची खोड सांगा.’’ विक्रेता हसला, ‘‘खोड कसली काका, एकदम परफेक्ट पीस आहे.’’ साडूभाऊ उठले, दुपट्टा झटकला. मी टायवाल्याची माफी मागून मागे धावलो.

दुसऱ्या दुकानात जे झालं ते मी शाळेत अजून कोणाला सांगितलेलं नाही. दुकानदार बिल लिहायचं पुस्तक शोधायला वळला तेवढ्यात साडूभाऊ म्हणाले, ‘‘मास्तर, बसा तुम्ही इथं. मी चालवून पाहतो.’’ आणि कॅमेरा शर्टाच्या खिशात टाकून बाहेर गेले. काचेतून मला दिसलं, ते दारावरच्या चौकीदाराशी दोन शब्द बोलले, त्याची सायकल घेतली आणि गर्दीत दिसेनासे झाले. दुकानदार वळला.

‘‘ते कुठे गेले?’’

‘‘येतील.’’

‘‘आणि कॅमेरा?’’

‘‘तोही येईल.’’

‘‘तुम्ही कोण त्यांचे?’’

‘‘साडू.’’

सख्खा भाऊ म्हणालो असतो तर कदाचित चाललं असतं. साडू म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा उतरला आणि त्यानं आपली खुर्ची उचलून माझ्या आणि दाराच्या मधोमध आणून ठेवली. आयुष्यभर पोरांना वर्गात बसवून ठेवणारा मी, त्या दिवशी तारण म्हणून बसलो होतो. पाहणारे येत होते, जात होते. त्यात माझा एक जुना विद्यार्थी निघाला, त्यानं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, ‘‘सर, इथे कसे?’’ मी म्हणालो, ‘‘सहज.’’ साडूभाऊ परतले ते घामाघूम, समाधानी. कॅमेरा काउंटरवर ठेवून म्हणाले, ‘‘उतारावर खिशातून डोकावते. नाही जमत.’’

तिसरं दुकान जुनं, मालकही जुना. साडूभाऊंनी खोड विचारली तेव्हा त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि आपणहून सांगायला सुरुवात केली: बॅटरी लवकर उतरते, अंधार पडला की फोटो घाणेरडा येतो, बटण दाबल्यावर जरा थांबून काढतो, तेवढा वेळ हात हलू द्यायचा नाही. मी कपाळाला हात लावला. साडूभाऊंचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मालकाच्या हातावर टाकला आणि बैलबाजारात गुपचूप भाव ठरवतात तशी त्याखाली त्याची बोटं धरली. मालक दचकून मागे सरला, गिऱ्हाइकं बघायला लागली, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा बारकाईनं अभ्यास करू लागलो. पण कॅमेरा घेतला गेला. परतीच्या गाडीत साडूभाऊ खिसा मुठीत धरून बसले होते. खिडकीबाहेर पाहत एकदाच बोलले, ‘‘उशीर तं नाही झाला न, मास्तर?’’ त्यांनी असा प्रश्न विचारलेला मी प्रथमच ऐकला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको सौंसरला गेलो. पुतण्यानं कॅमेऱ्याची तार टीव्हीला जोडून दिली. ताई उशी लावलेल्या खुर्चीत, साडूभाऊ जमिनीवर, भिंतीला टेकून. पहिला फोटो आला. एक झाड. दुसरा आला, एक झाड. तिसरा, चौथा, पाचवा, एकेक झाड, बुंध्यापासून निम्म्यापर्यंत, वरचा शेंडा कापलेला, मध्येच हललेला, मध्येच वाकडा. डोंगर नाही, आभाळ नाही, सूर्य नाही. मला धक्काच बसला. एवढा खटाटोप, मी तारण राहिलो, ते यासाठी?

ताई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. ‘‘हे फाटकाजवळचं... हे वाकडं, याच्याखाली डबे ठेवत होतो... याले तं किती साल फळच नव्हतं, तुम्ही तोडा म्हणे, मी तोडू देल्लं नाही... आता विहीर येईन.’’ आणि विहीर आली. मग माझ्या डोक्यात हळूहळू शिरलं, की झाडं रांगेनं येत होती. एक ओळ वर, एक ओळ खाली, त्या दोघांच्या रोजच्या फेऱ्याच्या वाटेनं.

तरी माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी म्हणालो, ‘‘भाऊ, सगळे फोटो बुटके आलेत. शेंडे गेले. थोडा वर धरायचा होता.’’

‘‘वर कायले धरू?’’ साडूभाऊ म्हणाले. त्यांनी उभं राहून आपल्या छातीवर, शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी आडवा तळहात लावला. ‘‘हिचे डोळे इथं येते.’’

मग ताई एकदम उसळल्या, ‘‘जवायासमोर बुटकी म्हणता काय मले? लाज नाही वाटत?’’ आणि पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, ‘‘पुढचा लावा.’’

पुढच्या फोटोंत फूल झाडावर कमी होतं, खाली जास्त. सगळी जमीन पांढरी. ताईंनी विचारलं, ‘‘सरलं का जी?’’

‘‘सरलं. मी उशीर केला.’’

‘‘अन् नाल्याकाठचं? ते मागून फुलते.’’

‘‘ते पायलं. त्याले कळ्या आहे अजून.’’

‘‘मंग?’’

‘‘उद्या जातो. परवा बी जातो. फुलेपर्यंत जातो.’’

संध्याकाळी परतताना मी मोटारसायकल हळू चालवत होतो. बायको मागे माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली होती. सौंसर मागे पडलं. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, ‘‘आपणही घेऊ या का गं एखादा लहानसा कॅमेरा? तुला कुठले कुठले फोटो काढून आणीन.’’

तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. म्हणाली, ‘‘मला फोटो नको. माझे गुडघे चालून राहिले तोवर मलाच नेत जा.’’