सकाळचा फॅक्स

माझा स्वभाव तापट. सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये शेजारच्या चिनी आजीला मराठी येत नव्हतं, पण मी कधी चिडले ते तिला बरोबर कळायचं. म्हणजे आता सांगते आहे ते मी रागाच्या भरात केलं असतं, तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण ते मी थंड डोक्याने केलं. म्हणून तर अजून सलतं.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. नवरा मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर. सात-आठ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. बाराव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमधून शिपयार्डच्या क्रेन दिसायच्या, आणि मुलगी लहान असताना मी तिला सांगायचे, बाबा तिकडे आहेत. मग ती क्रेनला टाटा करायची. तेव्हा गंमत वाटायची.

त्या वर्षी तो आठ महिन्यांनी घरी आला. मुलगी सहा वर्षांची, तिथल्याच शाळेत पहिलीत. जेवायला बसलो, मी भरली वांगी केली होती. तिने बाबाकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "बाबा, व्हेन यू गोइंग बॅक?"

पाहुण्याला विचारावं तसं. तिचं काही वाईट नव्हतं हो मनात, आमच्या घरी कॅलेंडरवर त्याचे दिवसच मोजले जायचे. तो हसला. पण पुढची पोळी त्याने घेतली नाही.

दोन दिवसांनी म्हणाला, "जूनच्या सुट्टीत आपण वाळवंटात जाऊ. ऑस्ट्रेलियाच्या पार मध्यभागी. चार दिवस."

"डोकंबिकं फिरलंय का तुझं? लोक मुलांना घेऊन समुद्रावर जातात."

"समुद्र मी बघतोच की. मला अशी जागा हवी जिथे टीव्ही नाही, तिच्या मैत्रिणी नाहीत. तिला माझ्याशी बोलावंच लागेल."

मी बेसनाचे लाडू केले आणि बॅगा भरल्या.

लाडू ऑस्ट्रेलियात उतरल्या उतरल्या गेले. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, असं म्हणून तिथल्या माणसाने डबा उघडला, वास घेतला, "छान आहेत" म्हणाला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकले. छान आहेत म्हणाला वर! मी भांडायला उभी राहिले, तर नवऱ्याने दंड धरून मला पुढे काढली. मग छोटं विमान, मग पुढे तीन तास मिनीबस. रस्त्यात एक घर नाही की टपरी नाही. माती मात्र अशी लाल की नवरा काचेला नाक लावून म्हणाला, "अगं, हे तर आमचं राजापूर!" मुलीने त्या मातीकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं, आणि माझ्या कुशीत शिरून झोपली.

रिसॉर्ट म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दहा-बारा खोल्या, एक जेवणघर, हौदाएवढा पोहण्याचा तलाव आणि मालकीणबाई. साठीची, उन्हाने रापलेली, कामाला वाघीण. वस्तीला आम्ही आणि एक म्हातारं जोडपं. दिवसा माश्या इतक्या की जाळीच्या टोप्या घालून फिरायचं, आणि पहाटे थंडी अशी की सिंगापूरला जन्मात न लागलेले स्वेटर तिथे अंगावरून उतरले नाहीत. पहिल्या दिवशी बापाने तिला उंटावर बसवलं, कांगारू दाखवले, मातीत किल्ला केला. ती सगळ्याला "थँक यू, बाबा" म्हणायची. थँक यू! माझ्याशी कधी बोलली का ही कार्टी असं? हात धरायला गेला की हात हळूच सोडवून घ्यायची. मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी एकटीच चहाला गेले. मालकीणबाईंनी माझ्या हातात एक कागद ठेवला. "रात्री आलाय, तुमच्या नवऱ्यासाठी. खाली कुणी चिनीत लिहिलंय का?"

चिनी नव्हतं, मराठी होतं. नवऱ्याच्या कंपनीचा फॅक्स होता. बजावलं होतं मी, इथला नंबर ऑफिसला देऊ नकोस म्हणून. तर म्हणे द्यावाच लागतो. घ्या आता!

वरचा मजकूर इंग्रजीत. कंपनीचं एक जहाज ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिम किनाऱ्यावर माल भरत उभं आहे. तिथल्या सेकंड इंजिनियरला सुटायचं आहे, पण त्याच्या जागी जाणारा माणूस कांजिण्यांनी आडवा झाला. तुम्ही सर्वांत जवळ आहात. रजा मंजूर आहे, सक्ती नाही, पण जाऊ शकाल का? आणि खाली, ऑफिसातल्या आपल्याच एका माणसाने हाताने लिहिलं होतं: "उतरणाऱ्याच्या बायकोचे दिवस भरलेत. बघा जमलं तर."

जहाजावरचा नियम साधा असतो. तुमच्या जागी येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, जहाजावर पाऊल ठेवत नाही तोवर तुम्हाला उतरता येत नाही. मग घरी लग्न असो, मयत असो, काही असो.

आणि हा अडकलेला मुलगा परका नव्हता. नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला, अलिबागकडचा. लग्न झाल्यावर त्याची बायको पंधरा दिवस आमच्याकडे राहून गेली होती. माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरायची, वहिनी हे कसं, वहिनी ते कसं.

बस नऊला सुटायची, दिवसातून एकच. खिडकीतून दिसत होती, ड्रायव्हर काचा पुसत होता. मी फॅक्सची चार घड्यांची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. मनाशी म्हटलं, एक दिवस. फक्त एक दिवस माझ्या लेकीला. मग देईन.

नऊला बस गेली. मी ती जाताना बघितली.

आता माझं पाप पुरतं कळावं म्हणून एक सांगायलाच हवं. माझी मुलगी झाली तेव्हा मी सांगलीला माहेरी होते आणि नवरा ब्राझीलच्या एका बंदरात, रिलीव्हरची वाट बघत. तो आलाच नाही. मागाहून कळलं, त्याच्या बायकोने ऐन वेळी सोडलं नाही. नवऱ्याने लेकीचं तोंड पाहिलं ते चौथ्या महिन्यात. त्या न बघितलेल्या बाईला मी सहा वर्षं शिव्याशाप देत होते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, लेकीला ताप आला की हमखास. आणि त्या दिवशी पर्स पोटाशी धरून मीच ती बाई झाले होते. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला कळत होतं, तरी मी बसून राहिले.

दहाच्या सुमाराला नळ कोरडे पडले. विहिरीवरचा डिझेलचा पंप बंद पडला होता आणि मेकॅनिक यायचा तो दोनशे किलोमीटरवरून. हे ऐकल्यावर आमचा माणूस बसतोय होय? बाह्या सरसावून निघाला. चार पावलं गेल्यावर मागे वळून लेकीला म्हणाला, "मला एक असिस्टंट लागेल. नट सांभाळायला. वाळूत पडले तर मेलो."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "जा."

मी लांब सावलीत बसून बघत होते. तो एकेक नट सोडवायचा, ती उलट्या टोपीत मोजून ठेवायची. तो पाना मागायचा, ती चुकीचा द्यायची, तो म्हणायचा, "हा नव्हे, याचा मोठा भाऊ." डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. तो हाताने दट्ट्या दाबत होता आणि ही नळीला नाक लावून ओरडत होती, "बबल्स! बाबा, स्टिल गॉट बबल्स!" हवा निघून गेली, नट आवळले, आणि पंप दोनदा खोकून धडधडायला लागला. तशी ही पोर काळ्याकुट्ट हातांनी त्याच्या गळ्यात पडली. मालकीणबाईंना सिंगापुरी थाटात ओरडून सांगते कशी, "माय बाबा कॅन फिक्स एनीथिंग, लाह!"

सहा वर्षांत तिला माहीतच नव्हतं, बाबा जातो म्हणजे करतो काय. दुपारभर तिचे प्रश्न संपेनात. जहाजाचं इंजिन केवढं? आपल्या ब्लॉकएवढं? तुला तिथे गरम होतं? तुझे नट कोण सांभाळतं?

"कोणी नाही गं," तो म्हणाला. "खिशात ठेवतो."

चहाच्या वेळी ती मातीत खेळत होती तेव्हा मी घडी उलगडून फॅक्स त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला. मग कागदाच्या वरच्या कडेला छापलेली वेळ वाचली. इंजिनियर माणूस, ती बघणारच.

"रात्रीचा आहे," तो म्हणाला. "तुला कधी मिळाला?"

"सकाळी सातला. बसच्या आधी."

मला वाटलं, आता हा बोलणार. बोलायलाच हवं होतं. त्याने लांबवर लेकीकडे पाहिलं, उठला आणि मालकीणबाईंकडे उत्तर लिहायला गेला. मी मागोमाग गेले. त्याने लिहिलं, "येतो. दिवसभर बाहेर होतो, निरोप आत्ताच मिळाला." इंजिनच्या नोंदवहीत कधी एक आकडा खोटा न लिहिलेला माणूस. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नऊच्या बसने तो गेला. आजवर टाटा करून कार्टून बघायला पळणारी मुलगी बसच्या पायरीवर आडवी पडली. मालकीणबाईंनी आणि मी मिळून तिला सोडवली. रडून रडून तिचा आवाज बसला, आणि मी, वेडीच म्हणा मला, त्या रडण्याने सुखावले.

सिंगापूरला परत आल्यावर आठवड्याने फोन वाजला. अलिबागहून. त्या मुलाची बायको.

"वहिनी, मुलगी झाली! आणि हे आलेत. दादा धावून गेले म्हणून आले हो, नाहीतर कुठले! तुमचे उपकार कसे फेडू?"

"अगं, उपकार कसले. वेळेवर पोचला ना तो?"

"एका दिवसाने हुकलं. आदल्या दिवशी झाली ती. मी जरा अडले होते, सारखी दाराकडे बघत होते. पण आता काय त्याचं."

फोन कानाला लावून मी खिडकीत उभी होते. समोर क्रेन. गप्प बसले असते तर तिला जन्मात कळलं नसतं. पण मला ते उपकार पेलवेनात.

"तो दिवस माझ्यामुळे गेला," मी म्हटलं. "फॅक्स सकाळीच आला होता. मी दडवून ठेवला. लेक बापाशी बोलत नव्हती गं. मला एक दिवस हवा होता. तुझा घेतला मी."

पलीकडे बाळ रडत होतं. तिने त्याला उचललं असावं, कारण रडणं फोनच्या अगदी जवळ आलं. मी मनात म्हटलं, दे शिव्या. मी दिल्यात तशा सहा वर्षं दे.

"वहिनी," ती म्हणाली, "मग त्या दिवशी बोलली का ती दादांशी?"

"बोलली. दिवसभर बोलली."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि मुलीचं नाक कुणावर गेलंय ते सांगायला लागली.